मुलाला जबाबदारी शिकवायला कासव?

एप्रिल आला, शाळांच्या परीक्षा संपल्या की आमच्या सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला, समर कॅम्प कुठला चांगला? आणि दुसरा, "मुलगा पाच वर्षांचा आहे, मागे लागलाय, पहिला पेट म्हणून काय घेऊ? लो मेंटेनन्स सांगा, आम्ही दोघंही जॉब करतो." मग पाच मिनिटांत सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणतं कासव घे, काहीच करावं लागत नाही, शिवाय वास्तूला चांगलं. कुणी म्हणतं काचेच्या बोलमधले मासे. कुणी ससा, कुणी लव्हबर्ड्स. एखादा महाभाग थेट हस्कीचा फोटो टाकतो. आणि प्रश्न विचारणाऱ्याचा शेवटचा मेसेज ठरलेला: "थँक्स ऑल. त्याला जरा रिस्पॉन्सिबिलिटी कळावी म्हणून घेतोय."

हे शेवटचं वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. म्हणून आज हा सगळा शनिवार त्याच्यावर खर्च करतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. पाच वर्षांच्या मुलाचा पेट असा काही प्रकार नसतो. घरात जो प्राणी येतो तो आईबापाचा असतो. तुम्हाला स्वतःला तो हवा असेल, मूल नसतं तरी तुम्ही तो आणला असतात, तर खुशाल आणा. नसेल तर आणू नका. आणि मुलाला जबाबदारी शिकवायची ही सबब तर अजिबात सांगू नका.

आता सविस्तर.

लो मेंटेनन्स म्हणजे काय रे भाऊ?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा शब्द फार आवडतो. एखादी सिस्टीम लो मेंटेनन्स आहे असं कुणी सांगितलं की त्याचे दोन अर्थ असू शकतात. एक, ती खरंच नीट बांधलेली आहे. दोन, तिच्यात लॉगिंगच नाही, त्यामुळे आत काय जळतंय ते कुणाला दिसत नाही. पेटच्या दुकानात लो मेंटेनन्स म्हणून जे काही विकतात ते जवळजवळ सगळं दुसऱ्या प्रकारचं असतं. कुत्रा उपाशी असला तर घर डोक्यावर घेतो. मांजर तुमच्या लॅपटॉपवर येऊन बसते. मासा ओरडत नाही. कासव ओरडत नाही. ससा तर दुखणं लपवण्यात वाकबगार, कारण रानात जो दुबळा दिसतो त्यालाच आधी शिकारी उचलतो. म्हणजे लो मेंटेनन्सचा खरा अर्थ इतकाच की या प्राण्याची तक्रार तुम्हाला ऐकू येणार नाही. आणि असा, तक्रार न करणारा प्राणी आपण पाच वर्षांच्या मुलाच्या हाती देतो, ज्याला स्वतःचं पोट दुखतंय की भूक लागलीय हेही धड सांगता येत नाही!

एकेक घेऊ.

कासव. दुकानात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवं, कानामागे लाल पट्टा असलेलं जे गोंडस पिल्लू मिळतं ते रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेच्या दक्षिणेकडचं. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं आणि जेवणाच्या ताटाएवढं होतं. त्याला पोहायला मोठी टाकी, वर येऊन अंग शेकायला कोरडी जागा, अल्ट्राव्हायोलेट दिवा आणि चांगला फिल्टर लागतो. प्लॅस्टिकच्या ज्या डब्यात ते विकतात, ज्यात मधोमध एक नारळाचं खोटं झाड असतं, तो डबा म्हणजे त्याची शवपेटी. पण हे सगळं एक वेळ बाजूला ठेवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असतात. कासव स्वतः ठणठणीत दिसतं, आजारी पडतं ते मूल. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पेट म्हणून विकायला बंदी घातली. पन्नास वर्षं झाली! तिथलं आरोग्य खातं आजही सांगतं की पाच वर्षांखालच्या मुलांचा कासवांशी संपर्क नको. आणि आपण इथे तेच पिल्लू पाचव्या वाढदिवसाला रिबीन लावून देतो.

मग ते मोठं होतं, वास मारायला लागतं, आणि एका रविवारी बाबा मुलाला घेऊन जवळच्या तलावावर जातात आणि ते 'मोकळं' करतात. मुलाला वाटतं काय पुण्यकर्म केलं! जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे, तलावातल्या आपल्या देशी कासवांची जागा आणि अन्न ते खातं, हे कोण सांगणार? आणि कुणी 'स्टार' कासव देतो म्हणाला तर लांबूनच नमस्कार करा. ते आपलं देशी, वन्यजीव कायद्याने संरक्षित, ते घरात ठेवणं गुन्हा आहे.

तीच गोष्ट पोपटाची. आजीच्या घरी मिठू होता, मिरची खायचा, नावाने हाक मारायचा, सगळं खरं. पण आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो विकणं, घेणं, पिंजऱ्यात ठेवणं बेकायदा आहे. बाजारात येणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. मुलाला आयुष्यातला पहिला प्राणी चोरीचा माल म्हणून द्यायचा का, एवढंच ठरवा.

लव्हबर्ड्स म्हणून आपल्याकडे जे विकतात ते बहुतेक वेळा बजी, म्हणजे ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. कायद्याची अडचण नाही. पण थव्याने मैलोन्मैल उडणारा हा पक्षी आपण टेबलावरच्या पिंजऱ्यात ठेवतो. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतात. वन बीएचकेमध्ये पिंजरा आणि ओटा यांत अंतर किती असतं हो?

गोल्डफिश. फेंगशुईवाले सांगतात आठ सोनेरी आणि एक काळा. ठीक. पण मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि तो अमोनिया त्याच्यासाठीच विष आहे. टाकीत तो पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टाकी आज आणायची, आणि मासे दीड महिन्याने! कुठला दुकानदार हे सांगेल? तो टाकी आणि मासे एकाच पिशवीत देतो. आठवड्याभरात मासे पोट वर करून तरंगतात आणि आपण म्हणतो, "मासे काय, मरतातच." नाही मरत. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला. त्रेचाळीस वर्षं जगला! तो अपवाद आहे कबूल, पण दहा-पंधरा वर्षं ही गोल्डफिशची साधी अपेक्षा आहे. आणि पुढचा भाग त्याहून वाईट. मूल शाळेत असताना मेलेला मासा काढून तसाच दुसरा आणून सोडणारे किमान तीन सुशिक्षित बाप मला माहीत आहेत. जबाबदारी शिकवतायत म्हणे.

ससा आणि हॅमस्टर यांचं थोडक्यात. ससा उचललेला त्याला आवडत नाही, त्याला ती शिकाऱ्याने केलेली उचल वाटते. तो मागच्या पायांनी जोरात झटका देतो, आणि नीट धरलेला नसेल तर त्या झटक्याने त्याचाच मणका मोडू शकतो. पाच वर्षांच्या मुलाला सशाचं काय करायचं असतं? उचलायचं असतं. शिवाय त्याचं मुख्य अन्न गवत, गाजर नव्हे, आणि आपला मे महिना त्याला झेपत नाही. हॅमस्टर रात्री जागतो आणि दिवसा झोपतो. मूल दिवसा जागं असतं, त्याला झोपेतून उठवतं, तो चावतो. दोघांच्याही वेळा बरोबर आहेत, फक्त जुळत नाहीत.

कुत्र्याचं पिल्लू

इथे लोक जास्त भावनिक होतात, त्यामुळे जरा सावकाश. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि घरोघरी पग हवा झाला. जाहिरातीत त्याचा श्वास ऐकू येत नव्हता. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आपल्या उन्हाळ्यात नीट श्वास घेता येत नाही हे लोकांना नंतर कळलं. आता हस्कीची पाळी आहे. बर्फात स्लेज ओढायला घडलेला कुत्रा नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत एसी लावून ठेवायचा, आणि मूल खूश म्हणून आपण खूश.

आमच्या टीममधल्या एकाने मुलीसाठी पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला दोन महिन्यांचं आहे, व्हेट म्हणाला पाच आठवड्यांचंही नसेल. सहाव्या दिवशी पार्व्होने गेलं. ऑफिसात दोन मिटिंगांच्या मधे तो मला हे सांगत होता, आणि त्याला सगळ्यात जास्त छळत होतं ते हे की मुलीला सांगितलंय, पिल्लू फार्महाऊसवर राहायला गेलंय. ती रोज विचारते, कधी जायचं भेटायला?

नियम काय म्हणतो? कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम २०१७ सालचे, पेट शॉपचे २०१८ सालचे. दोन्हींनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती किती जण मागतात? फ्लॅट घेताना आपण रेराचा नंबर बघतो, गाडी घेताना सेफ्टी रेटिंग बघतो, आणि बारा-पंधरा वर्षं घरात राहणारा जीव घेताना फक्त "किती क्यूट!" आठ आठवड्यांचा नियम उगाच नाही. भावंडांशी खेळताना, चावाचावी करतानाच पिल्लाला कळतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. हा धडा न शिकलेलं पिल्लू आपण घरी आणतो आणि समोर कोण असतं? ज्याचा चेहरा बरोबर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर आहे असं मूल.

आणि मुलांना कुत्र्याची भाषा येत नाही. कुत्र्याने दात दाखवले की चार वर्षांच्या मुलाला पुष्कळदा वाटतं की भूभू हसतोय. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत ४० टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून घरात प्राणी असो वा नसो, मुलाला एक गोष्ट पाठ करून घ्या: कुठलाही कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. मग जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. प्राण्याला घरातून काढून टाकतील या भीतीने मुलं लपवतात. ती भीती आपणच घातलेली असते: "चावला ना, मग देऊन टाकू!"

पण आमच्या लहानपणी...

हा मुद्दा येणारच. गावी गोठा होता, गाय होती, शेळ्या होत्या, कुत्रा दारात, मांजर चुलीपाशी, आणि आम्ही पोरं त्यांच्यातच वाढलो, शिकलोच ना सगळं?

शिकलात. पण कसे ते आठवा. त्या घरातलं एकही जनावर पोरांसाठी आणलेलं नव्हतं. गाय दुधासाठी होती, बैल नांगराला, मांजर उंदरांना, कुत्रा राखणीला. पहाटे उठून वैरण टाकणारे आजोबा होते, शेण काढणारी काकी होती. गाय अडली तर रात्रभर कंदील घेऊन मोठी माणसं बसायची. पोरं त्या कामात लुडबुड करायची, आधी नुसती बघायची, मग बादली धरायची, मग एक दिवस वासरू सोडायला त्यांना एकट्याला पाठवायचे. कुणी म्हटलं नाही की बंड्या, ही गाय तुझी, ही तुझी जबाबदारी, तू विसरलास तर ती मरेल आणि मग तुला अक्कल येईल! मोठ्यांचं खरं काम समोर चालू होतं आणि पोरं त्यात उमेदवारी करत होती. आपण नेमकं उलट करतो. प्राणी मुलाच्या नावावर, काम कामवाल्या मावशींच्या अंगावर, आणि आपण ऑफिसात. यातून मूल काय शिकतं? जबाबदारी म्हणजे जी दुसऱ्याकडे ढकलता येते ती. तेवढं ते चोख शिकतं.

कुठलाही शहाणा मॅनेजर नव्या फ्रेशरला पहिल्या दिवशी प्रॉडक्शनचा पासवर्ड देऊन "शीक बाबा, काय पडलं-झडलं तर तूच जबाबदार" असं म्हणत नाही. त्याला सीनियरच्या शेजारी बसवतात. इथे तर पडलं-झडलं तर एक जीव जातो.

मग आणायचं तरी काय?

नुसतं नको नको म्हणून पळून जाणाऱ्यातला मी नाही. आमच्या घरी दोन मांजरं आहेत आणि सात वर्षांची मुलगी आहे. मांजरं माझी आणि बायकोची आहेत, हे मुलीला पक्कं माहीत आहे. ती पाण्याचं भांडं भरते, ब्रश करते. लिटर ट्रे मी साफ करतो.

तुम्हाला खरंच प्राणी हवा असेल तर आधी या तीन परीक्षा द्या. मुलाने नाही, तुम्ही.

१) मंगळवारची परीक्षा. सुट्टीच्या दिवशी सगळेच प्राणिमित्र असतात. भर आठवड्यातला मंगळवार घ्या, क्लायंटचा कॉल लांबलाय, पावसात हिंजवडीहून निघायला नऊ वाजलेत, मुलाला ताप आहे. आज प्राण्याला खायला कोण घालणार, फिरवणार कोण, घाण कोण काढणार? नाव लिहा. नावाच्या जागी 'आपण सगळे मिळून' असं आलं तर नापास.

२) दिवाळीची परीक्षा. फटाके वाजताना तो कुठे असेल? तुम्ही पाच दिवस कोकणात गेलात तर कुणाकडे? त्या माणसाला आत्ता विचारलंय का?

३) बारावीची परीक्षा. मूल आज पाच वर्षांचं आहे. मांजर पंधरा वर्षं सहज जगते. म्हणजे मुलाची दहावी, बारावी, सीईटी, हॉस्टेल हे सगळं होऊन मूल घराबाहेर गेलेलं असेल आणि मांजर तुमच्या सोफ्यावर असेल. चालेल?

तिन्हींत पास झालात तर माझा सल्ला सरळ आहे: दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं, लसीकरण झालेलं देशी मांजर किंवा देशी कुत्रा दत्तक घ्या. पिल्लू नको. पिल्लू मोठं होऊन कसं निघेल ते कुणाला सांगता येत नाही, आणि पहिलं वर्ष ते घरात दुसरं तान्हं बाळच असतं. मोठ्या प्राण्याचा स्वभाव कळलेला असतो. ज्यांनी त्याला तात्पुरतं सांभाळलंय त्यांना सरळ विचारता येतं, मुलांसोबत राहिलाय का, शेपूट ओढली तर काय करतो, झोपेतून उठवलं तर गुरगुरतो का. खरी माहिती मिळते, जी दुकानात कधीच मिळत नाही. पहिल्यांदाच पाळणाऱ्या, दोघं नोकरी करणाऱ्या घराला मी मांजर सुचवेन. ती कंटाळली की मुलाच्या हाताबाहेर, कपाटावर जाऊन बसू शकते, आणि लहान मुलाच्या घरात हा फार मोठा गुण आहे. फक्त गॅलरीला भक्कम जाळी हवी. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका.

सोसायटी नाही म्हणते? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना वाचा आणि सेक्रेटरींनाही वाचायला द्या. प्राणी पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही.

ॲलर्जीची, घरच्यांच्या विरोधाची, स्वतःच्या उत्साहाची शंका असेल तर आधी दोन-तीन आठवडे तात्पुरता सांभाळ करा. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था अशी घरं सतत शोधत असतात. मुलाला मात्र पहिल्या दिवशीच स्वच्छ सांगा की हा पाहुणा आहे.

आणि परीक्षेत नापास झालात तर? काही बिघडत नाही. गॅलरीत सावलीत पाण्याचं उथळ भांडं ठेवा, रोज घासून भरा, आणि मुलासोबत बघा कोण कोण येतं ते. चिमणी, बुलबुल, खारूताई. हे काम पाच वर्षांचं मूल खरंच करू शकतं, आणि ते एक दिवस विसरलं तर कुणाचा जीव जात नाही, कारण पक्ष्याला पंख आहेत, तो शेजारच्या गॅलरीत जातो. लहान मुलाच्या जबाबदारीचं माप एवढंच असायला हवं.

"मग काय, मुलांनी नुसता मोबाईल बघत बसायचं?" असं विचारणारेही भेटतात. मोबाईल तुम्ही दिलात, तो काढून घ्यायचं काम ससा करणार नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.

मूल आपण सांगितलेलं फारसं ऐकत नाही, पण बघत मात्र सतत असतं. रात्री दमून आल्यावरही बाबा आधी हात धुऊन मांजरीचं पाणी बदलतात, हे त्याने दोन-तीन वर्षं रोज बघितलं की एक दिवस ते आपणहून भांडं उचलतं. तोपर्यंत दुकानदाराला पैसे देऊन हे शिकवण्याचा शॉर्टकट काही सापडलेला नाही.

असो. बरंच लांबलं. लिटर ट्रे राहिलाय, जातो.